मूळ नाकाचा फोटो

१८ नोव्हेंबर, सोमवार

नागपूरला जाऊन आलो. निर्णय झाला. नाकाचं दुसरं ऑपरेशन करायचं. भीती अजिबात नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. परतीच्या बसमध्ये तीन बाटल्या पाणी प्यायलो, ते तोंड कोरडं पडतं म्हणून. तोंड कोरडं पडतं ते नाकाने श्वास येत नाही म्हणून. म्हणजे कारण वैद्यकीय आहे.

डॉक्टर नव्या आहेत. डॉ. मनाली मेश्राम. वय कमी, बोटं थंड. नाकात दुर्बीण घालून आतलं सगळं स्क्रीनवर दाखवलं. मी स्क्रीनचा कलर बॅलन्स तपासत होतो. त्या म्हणाल्या, केवळरामजी, मागच्या ऑपरेशनमध्ये आधाराचा भाग जास्तच काढला गेला, दांडा खचलाय. श्वास ओढला की उजवी नाकपुडी चिकटते. असंच ठेवलं तर डावीपण जाईल. नवा आधार बसवावा लागेल. बरगडीचा मऊ तुकडा काढून.

बरगडीचा.

सोबत बायको होती, कामिनी. तिने विचारलं, मॅडम, बरगडी उरते ना? डॉक्टर हसल्या. तीही हसली. मी गंभीर विचार करत होतो.

मला एकच काम दिलंय. पहिल्या ऑपरेशनच्या आधीचे फोटो आणायचे, एक समोरून, एक बाजूने. मूळ नाक कसं होतं ते पाहिल्याशिवाय रूपाला हात लावणार नाही म्हणाल्या. पवनीत बावीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे. माझ्याकडे फोटो मागितले! मनातल्या मनात हसलो. दोन दिवसांत पाठवतो म्हणालो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फोटो उद्या.

आज गिऱ्हाईक जास्त होतं. नाकाने शिटी वाजते, विशेषतः फोकस करताना. त्यामुळे लहान मुलं बरोबर कॅमेऱ्याकडे पाहतात. धंद्याच्या दृष्टीने फायदाच आहे. शेजारचा चहावाला भैय्यालाल मात्र रोज विचारतो, भाऊ, कुकर झाला का, कितवी शिटी होय? त्याला पासपोर्ट फोटो लागतील तेव्हा बघू.

मागच्या ऑपरेशनची नोंद इथे असावी. दोन वर्षांपूर्वी स्टुडिओत नवे एलईडी लाइट आणले. टेस्टिंगला कुणी नव्हतं, स्वतःच बसलो. दोनपैकी डावीकडचा एकच लागला. त्या फोटोत नाक उजवीकडे वाकडं निघालं. चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कुणाकडे तसे लाइट नव्हते. मग मी कॉम्प्युटरवर नाक सरळ केलं, थोडं बारीक केलं, प्रिंट काढली आणि तेव्हाच्या डॉक्टरांना दिली. असंच पाहिजे म्हणालो. ते आधी नको म्हणत होते. मी बाजू नीट मांडली. त्यांनी तसंच करून दिलं.

दोष कुणाचाच नाही. फोटोतल्या नाकाला श्वास घ्यावा लागत नाही, एवढाच फरक.

तिसऱ्या दिवशी नाकातून पट्टी ओढून काढली होती. ती संपतच नव्हती. पण त्याबद्दल लिहायची गरज नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

एक छोटी तांत्रिक अडचण.

मागच्या ऑपरेशनआधी, पावसाळ्यात काम नव्हतं तेव्हा, मी घरातले सगळे अल्बम स्कॅन केले होते. लग्न, आमच्या खुशबूचं बारसं, सगळं. ऑपरेशननंतर जुन्या नव्यात फरक दिसू नये म्हणून प्रत्येक फोटोत माझं नाक सरळ केलं. नव्या प्रिंट अल्बममध्ये लावल्या. जुन्या रद्दीत दिल्या. फाइली सेव्ह केल्या त्या त्याच नावाने.

थोडक्यात, माझं मूळ नाक कुठेच नाही.

बैठकीतल्या बाबूजींच्या, म्हणजे वडिलांच्या फोटोतही नाही. हात बसला होता म्हणून त्यांचंही सरळ करून टाकलं होतं. आई तेव्हाच म्हणाली होती, हा मानूस कोन होय?

डॉक्टरांना कळवलं, शोध चालू आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

दिघोरीला लग्नाची ऑर्डर. जेवताना वडा घशात अडकला. तोंड भरलेलं, नाक बंद. वरचा मांडव पांढरा झाला. मग मुलाच्या मामाने पाठीत जोरात मारलं आणि वडा बाहेर आला. पाचेक सेकंदांचा प्रकार. लोक उगीच गोळा झाले.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसलो. ट्रायपॉडवरचा व्हिडिओ चालू राहिला होता, त्यात सगळं आलंय. वेळ मोजली. सदतीस सेकंद.

तेवढा भाग कापून टाकला. आधी दोनदा पाहिला. मी टेबलाला धरून उभा आहे आणि कुणीच माझ्याकडे पाहत नाही. सगळे नवरीकडे पाहताहेत.

संकल्प: ऑपरेशन डिसेंबरातच. आता मागे हटणे नाही. वडे बंद.

२७ नोव्हेंबर, बुधवार

एकोडीला धर्मेंद्रकडे गेलो. लहान भाऊ, त्याच्या लग्नाचे तीन जाड अल्बम माझ्या हाताला लागलेले नाहीत. खात्री होती.

तिन्ही अल्बम मीच काढलेले. त्यामुळे मी एकातही नाही. एका फोटोत कोपर आहे. एकात सावली. एकात आरशात मी दिसतो, पण नाकाच्या जागी फ्लॅश. धर्मेंद्र म्हणाला, दादा, तू तं कधी फोटोत रायतच नाईस, मंग शोधून काय राहिलास?

अंगणात धानाची चुरणी, म्हणजे मळणी चालू होती. धूळच धूळ. अशा दिवसांत नाकाचं ऑपरेशन धोक्याचं, हे मला तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं. घरी येऊन कामिनीला सांगितलं, धानाचा सीझन आटोपू दे. ती म्हणाली, आपलं धान कुठी हाय? शेती तुमच्या भावाची. तुमी तं दुकानात एसी लावून बसता.

मुद्दा धुळीचा होता. तिने शेतीवर नेला.

१ डिसेंबर, रविवार

शोध अहवाल. शाळेचा दहावीचा ग्रुप फोटो: शाळेत जाऊन पाहिला, ऐन वेळी मी मान हलवलेली, चेहऱ्याच्या जागी धुकं. जुनं लायसन्स: शिक्का बरोबर नाकावर. मतदार ओळखपत्र: ती व्यक्ती मी नसावी.

यापेक्षा जास्त एखादा माणूस काय करू शकतो? फोटो नाही, तर ऑपरेशन नाही. ही डॉक्टरांचीच अट आहे. मी तयारच आहे. आज शांत वाटतंय. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, बारीक चावून.

४ डिसेंबर, बुधवार

कामिनीने डॉक्टरांना फोन लावला. मला न विचारता. फोटो नाही मिळाला तर चालते का म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, चालवून घेऊ, पण मिळाला तर बरं, नाहीतर मी माझ्या अंदाजाने करेन.

अंदाजाने! माझं नाक! बरगडी काढून!

संकल्प: फोटो मीच तयार करणार. सरळ केलेलं नाक परत होतं तसं करायचं, एवढंच काम. बावीस वर्षांचा अनुभव कधी उपयोगी पडायचा?

७ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस. अकरा नाकं केली. काय होतंय कळत नाही, आठवणीप्रमाणे वाकडं करायला घेतो आणि हात आपोआप चांगलं करून ठेवतो. सवय. अकरावं बरं जमलंय. किंचित वाकडं, पण रुबाबदार.

खुशबू मागे येऊन उभी होती. पप्पा, हे नाक कोनाचं होय? म्हटलं, माझं, जुनं. ती म्हणाली, तुमचं असं नव्हतं. म्हटलं, तू लहान होतीस. ती म्हणाली, दोन वर्षांआंधी मी सतरा वर्षांची होती.

मुलीला बीएस्सीला घातलं. बोलायला लागली आहे.

८ डिसेंबर, रविवार. सकाळी दहा

फोटो पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर.

दहा वाजून वीस मिनिटं. डॉक्टरांचं उत्तर: परफेक्ट. खूप मदत होईल. बाजूचापण पाठवा.

१० डिसेंबर, मंगळवार

बाजूचं नाक कॉम्प्युटरवर जमत नाही. नुसता समोरचा भाग असतो, मागे काही नसतं.

एकोडीला गेलो. धर्मेंद्रला खळ्यातून उठवून भिंतीशी उभा केला, बाजूने फोटो काढला. रक्त एकच आहे. आई म्हणायची, दोघं सारखेच. त्याने विचारलं, माहा फोटो कायले पायजे? म्हटलं, आठवण म्हणून. तो हळूच म्हणाला, दादा, एवढं मोठं ऑपरेशन होय का?

त्याच्या या प्रश्नाचा माझ्यावर काही परिणाम झाला नाही. येताना एक बस चुकली, ती लक्ष नव्हतं म्हणून.

१३ डिसेंबर, शुक्रवार

नागपूर. सीटी स्कॅन. तारीख मिळाली: २ जानेवारी.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो आणि स्कॅन शेजारी शेजारी लावले. बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, समोरचं नाक आणि बाजूचं नाक जरा वेगळं वाटतंय. हाडाशीही जुळत नाही. लहानपणी काही मार लागला होता का? मी म्हटलं, हो, बैलगाडीतून पडलो होतो. कामिनीने माझ्याकडे पाहिलं. बैलगाडीत मला चक्कर येते म्हणून मी आयुष्यात बसलेलो नाही, हे तिला माहीत आहे. आजकाल ती बरंच काही बोलत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, तसं धरून चालते.

काय धरून चालणार, ते विचारायला हवं होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

स्टुडिओत बसलो असताना एक विचार आला. मागच्या वेळी मी डॉक्टरांना खोटा फोटो दिला आणि त्यांनी त्याप्रमाणे नाक केलं. या वेळीही मी…

दोन्ही प्रसंगांत तत्त्वाचा फरक आहे. मागच्या वेळी फोटोतलं नाक पुढचं होतं. या वेळी मागचं आहे.

अर्धं मागचं. बाजूने धर्मेंद्रचं.

भैय्यालाल चहा घेऊन आला. म्हणाला, भाऊ, आज शिटीबी वाजून नाई राहिली, श्वास घेऊन राहिले ना? मी घेत नव्हतो. लक्षातच नव्हतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

कॅलेंडर पाहिलं. २ जानेवारी पौषात येते. पौषात आपल्याकडे शुभकार्य करत नाहीत. कामिनीला हे शांतपणे सांगितलं. म्हणाली, नाक फाडनं शुभकार्य कवापासून झालं?

फाडनं. तिने हा शब्द वापरायला नको होता.

२२ डिसेंबर, रविवार

संकल्प. डॉक्टरांना खरं सांगायचं. स्पष्ट, कमी शब्दांत, सायंटिफिक भाषेत. कागदावर मुद्दे काढले. एक, फोटो तंत्राच्या मर्यादा. दोन, भाऊ आणि आनुवंशिकता. तीन, बैलगाडी.

फोन लावला. डॉक्टरांनी स्वतः उचलला. मी विचारलं, दवाखान्यात टू-व्हीलरची पार्किंग आहे का? आहे म्हणाल्या.

पवनीहून नागपूरला मी टू-व्हीलरने जात नाही. पण माहिती असलेली बरी.

२५ डिसेंबर, बुधवार

पुन्हा फोन. जेवणात काय चालतं ते विचारलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा. चपला बाहेर काढायच्या का.

डॉक्टर म्हणाल्या, केवळरामजी, तुम्हाला अजून काही विचारायचंय का? मी म्हटलं, नाही, सगळं क्लिअर आहे.

२९ डिसेंबर, रविवार

खुशबूला कॉम्प्युटरचा पासवर्ड लिहून दिला. सहज. लग्नाच्या बाकी ऑर्डरचा डेटा कुठल्या डिस्कवर आहे तेही. लाइट कसे लावायचे ते शिकवलं. ती म्हणाली, पप्पा, नाकाचं ऑपरेशन होय, तुमी तं असे करून राहिले जसे वापसच येनार नाई. मी मोठ्याने हसलो. हसताना श्वास लागतो, तो मध्येच संपला. तिने पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत होती.

आज सदतीस सेकंद श्वास रोखून पाहिला. घड्याळ लावून. एकवीसला सोडला.

१ जानेवारी, बुधवार. दुपारी तीन

दवाखान्यात भरती. खोली स्वच्छ. हातावर नावाची पट्टी बांधली. ती घट्ट आहे असं सिस्टरला सांगितलं, तिने बोट घालून दाखवलं की सैल आहे.

भूल देणारे डॉक्टर येऊन गेले. कशाची भीती वाटते का म्हणाले. नाही म्हणालो. त्यांनी नाडी धरली होती. आकडा लिहून घेतला.

संध्याकाळी पाच

पाय मोकळे करायला कॉरिडॉरमध्ये गेलो. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीवर माझे दोन फोटो. मोठ्या प्रिंट. अकरावं नाक आणि धर्मेंद्रचं नाक. दोन्हींवर लाल पेनाने रेघा, बाण, मिलिमीटर. खाली बरगडीचं चित्र, त्यावरही एक रेघ.

सगळी तयारी. इतकी नीट. अशा नाकासाठी जे कधी कुणाच्या चेहऱ्यावर नव्हतं.

बावीस वर्षांत अपघाताचे फोटो काढले, पोलीस पंचनाम्याचे काढले. हात हलला नाही. आज भिंतीला टेकावं लागलं. सिस्टरने विचारलं, काका, घाबरले का? म्हटलं, फरशी ओली आहे.

फरशी कोरडी होती.

उद्या सकाळी डॉक्टर राउंडला आल्या की सगळ्यात आधी सांगणार. शब्द ठरले आहेत.

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी सव्वासात

डॉक्टर आल्या. मी उठून बसलो आणि म्हणालो, मॅडम, डिजिटल इमेजिंगमध्ये काही मर्यादा असतात. त्यांनी घड्याळ पाहिलं. मी म्हणालो, तसंच भावाभावांत साम्य असतं. त्यांनी माझ्या सलाइनकडे पाहिलं.

कामिनी स्टुलावर बसली होती. ती उठली. पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो काढून तिने डॉक्टरांच्या हातात दिला. म्हणाली, मॅडम, तुमच्या भिंतीवरचे फोटो खोटे होय. समोरचं नाक यायनं कॉम्प्युटरवर बनवलं, बाजूचं माह्या देराचं होय. बैलगाडीबी खोटी. हा खरा.

पोस्टकार्डाएवढा. एकवीस वर्षांपूर्वी स्थळ पाहताना बाबूजींनी तिच्या माहेरी पाठवलेला. भंडाऱ्याच्या कुठल्या तरी स्टुडिओतला. मागे रंगवलेला धबधबा, मी पांढऱ्या शर्टात, मान किंचित वळवलेली, समोरूनही नाक दिसतं आणि बाजूनेही. असा फोटो उरला आहे हे मला माहीतच नव्हतं. लग्नानंतर तिने तो माहेरच्या पेटीतून आणून साड्यांखाली ठेवला होता.

मी तिला विचारलं, आधी का नाही दिलास? जरा आवाज चढवूनच विचारलं.

ती म्हणाली, तुमी मले विचारलं कुठी? एकोडीले गेले, शाळेत गेले, साऱ्या जागी गेले. घरात नाई विचारलं. मले समजलं, तुमाले सापडायला नको होता. मग खाली पाहून म्हणाली, अन् मी काढून देला असता तं तारीख लवकर आली असती. मलेबी भेव लागत होतं. पन दिघोरीच्या लग्नात वडा अडकल्याचं मले तिथल्या बायांनं सांगलं. म्हून मॅडमले फोन लावला, अन् हा सोबत आणला.

मी हातावरची नावाची पट्टी फिरवून पाहिली. सैल होती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, तारीख पुढे गेली असती. म्हणाल्या, श्वासाचं काम मी स्कॅनवरून करणार आहे, ते आजच होईल. रूप या फोटोवरून पाहू. भिंतीवरचे काढायला लावते.

मग फोटो घेऊन खिडकीपाशी गेल्या. समोर धरून पाहिला, थोडा तिरका करून पाहिला. परत आल्या आणि विचारलं, केवळरामजी, यात खराब काय होतं?

मी फोटो हातात घेतला. वाकडं नाक मला रस्त्याच्या पलीकडून कळतं, धंदाच तो आहे. जवळ धरून पाहिलं. लांब धरून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. डॉक्टर थांबल्या होत्या, कामिनी थांबली होती, दारात सिस्टर थांबली होती.

सापडलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, हे सगळं परत नाही येणार. जवळपास आणते. श्वास येईल.

पावणेआठ

पहिला नंबर माझाच. ऑपरेशन थिएटरपर्यंत आपण चालत जाणार, असं सिस्टरला काल ठणकावून सांगितलं होतं. आत्ता बेल वाजवून स्ट्रेचर मागवलं आहे. मीच.